गळाची खूण नसलेला रोहू

५ मार्च, बुधवार

ह्यांनी आणलेल्या रोहूला गळाची खूण नाही. ओठ साफ. कल्ल्यामागचे खवले मात्र घासलेले — म्हणजे जाळ्यातला. मी मुरब्याची. बापाच्या होडीतला मासा निवडत मोठी झाले. गळाचा कोणता, जाळ्याचा कोणता, हे मला नुसता हात लावून कळतं.

हे म्हणाले, "चांगला लागला आज. अर्धा तास खेळवला."

मी हळद-मीठ लावून ठेवला. 

७ मार्च, शुक्रवार

ह्यांनी एकतीस वर्षं कंपनीत पाळ्या केल्या, जानेवारीत रिटायर झाले. आठ दिवस टीव्हीसमोर बसले, मग बोईसरच्या बाजारातून गळ आणला. आता रोज सहाला स्कूटर काढायची, रुळांपलीकडे डोंगराच्या बाजूचा तलाव गाठायचा, दहाला परत. तलाव उथळ, पाणी चहासारखं गढूळ. "आता उन्हं वाढली, पाणी आटतंय, मासा काठाला येतो" — असं सांगतात. तिकडचा कोणी चिंधू म्हणून दोस्त झालाय. "पाण्यातलं सगळं कळतं त्याला."

सुरुवातीला आणलेल्या दोन चिलापी माशांना गळाची खूण होती. मी बघितली होती. हल्ली एकालाही नसते.

आज गांडुळांचा डबा उघडला. परवाची गांडुळं तशीच. वाळून काड्या झालेली.

९ मार्च, रविवार

मरळ. हातभर लांब. विचारलं, कशावर लागला? म्हणाले गांडुळावर. कोणत्या गांडुळावर?

पँट कोरडी. चपलेला चिखल नाही.

बाजारातून विकत आणत असतील तर सांगायला काय झालं. आणि विकत नसतील आणत, तर ते चार तास कुठे असतात?

११ मार्च, मंगळवार

फोन आला की गॅलरीत जातात. दार लोटून घेतात. आज हसले. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, फोनवर असं मऊ हसताना कधी ऐकलं नव्हतं. आत आल्यावर विचारलं, कोण? "चिंधू."

१३ मार्च, गुरुवार

होळी. सकाळीच म्हणाले, "पुरणपोळ्या जरा जास्त कर. चिंधूला नेतो."

दहा नेल्या. तूप वेगळ्या वाटीत. चिंधूला तूप लागतं?

१५ मार्च, शनिवार

स्कूटरच्या डिकीत मी पिशवी शोधत होते. हाताला केसांची क्लिप लागली. लाल. त्यात दोन लांब काळे केस.

माझे केस पांढरे झालेत.

क्लिप होती तिथे ठेवली. जेवायला वाढलं. "गप्प का?" म्हणाले. डोकं दुखतंय म्हटलं. साठीचा माणूस. लाज कशी वाटत नाही. मुरब्याला बहिणीला फोन लावला आणि ती बोलायच्या आत कापला. काय सांगणार?

१९ मार्च, बुधवार

आज मी ह्यांच्या मागे गेले.

हे निघाले आणि मी कोपऱ्यावरून रिक्षा केली. रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "माँजी, स्कूटर के पीछे लेना है क्या?" मी म्हटलं, तालाब. रूळ ओलांडले, कंपन्या संपल्या, पळस लागले.

म्हणजे तलावावर जातात हे खरं. स्कूटर मोहाखाली उभी होती. मी अलीकडेच उतरले, रिक्षा थांबायला सांगितली, झाडामागे राहिले. पाणी पार आत सरकलेलं, काठाचा चिखल तडकलेला. हे बांधावर बसले होते. गळ बाजूला पडलेला, दोरीसुद्धा सोडलेली नाही. शेजारी एक तरुण बाई. पोट दिसत होतं — सहावा-सातवा महिना. केसांत लाल क्लिप. ह्यांनी आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. 

तेवढ्यात पाण्यात हालचाल झाली. कोणीतरी कमरेएवढ्या पाण्यात पाग घेऊन उभा होता. पाग म्हणजे आमच्याकडचं फेकायचं जाळं. त्याने अर्धा पाग कोपरावर घेतला, कड दातांत धरली, अंग वळवलं आणि सोडला. पाण्यावर तो अख्खा गोल उघडला.

असा पाग माझा बाप फेकायचा. त्याने एकालाच शिकवला होता. माझ्या लेकाला, प्रणवला.

अडीच वर्षं झाली होती त्याला बघून. पाठ रुंद झालीय.

मागून कोणी विचारलं, "कोन पायजे, बाय?" म्हातारा होता, डोक्यावर लाकडाची मोळी.  त्याने माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, मोळी खाली ठेवली.

"तुमी प्रणवची आई. तोंड तसंच हाय."

"तुम्ही?"

"चिंधू. हेतलचा बाप."

तो त्यांना हाक मारेल म्हणून मी घाबरले. नाही मारली. हळूच म्हणाला, "पोरगा दुपारपाळीला जातो कंपनीत. सकाळी इथं. पयला चांगला मासा बाजूला काडतो. कोनाला हात लावू देत नाय. आईचा, म्हनतो."

मी म्हटलं, मी आले होते सांगू नका.

"नाय सांगनार."

त्याच रिक्षाने परत आले. दहाला हे आले. "आज मस्त लागला," म्हणाले.

२० मार्च, गुरुवार

दिवसभर काही सुचलं नाही.

प्रणव हेतलला घेऊन आला तो दिवस आठवतोय. पालघरला रजिस्टर लग्न करून सरळ घरी आले होते. हार गळ्यात. मी दारातच म्हटलं, आदिवासी पोर माझ्या घरात येणार नाही. ती आली तर मी जाईन. पाणीसुद्धा विचारलं नाही. ती चप्पल काढत होती. अर्धी काढलेली तिने परत घातली.

मी एडवणच्या बागायती वाडीवाल्यांच्या घरात लग्न करून आले तेव्हा सासूने दोन वर्षं मला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. कोळीण म्हणून. मी किती रडले होते. आणि तेच केलं.

ह्यांचा रागही येतो. दोन महिने तोंडावर खोटं. सगळे तिकडे एकत्र, पोळ्या खातात, हसतात, आणि मी इकडे माशाचे ओठ तपासते. सून सात महिन्यांची पोटुशी आणि मला क्लिपवरून कळतं.

पण सांगितलं असतं तर मी तो मासा खाल्ला असता का? फेकला असता. ह्यांना ते माहीत होतं.

२१ मार्च, शुक्रवार

रोहू आला. ओठ बघितले नाहीत.

जेवताना एक तुकडी जास्त घेतली. हे बघत होते. मग मी म्हटलं, "रविवारी मी पण येते तलावावर."

ह्यांचा घास हातातच राहिला. "तिथं काय बघायचंय? चिखल हाय नुसता."

"चिखल बघते."

बराच वेळ भात कालवत बसले. "कोन कोन असतं तिथं, तुला आवडेल की नाय..."

"म्हाईत हाय मला कोन असतं."

त्यांनी मान वर केली नाही. पाणी प्यायले. म्हणाले, "सहाला निघायचं मग."

२२ मार्च, शनिवार

डिंकाचे लाडू केले. वळताना चार फुटले. नेऊ की नको. तिने घेतले नाहीत तर? तो हक्कच आहे तिचा.

२३ मार्च, रविवार

गेले. लाडूंचा डबा हातात. प्रणव पाण्यात होता, पाग कोपरावर. वळून बघितलं. 

मग म्हणाला, "आई, जरा मागं सर. तुजी सावली पडते पाण्यात, मासा बुजतो."

मी मागे सरले. हेतलने बांधावरची पिशवी उचलून जागा केली.