पायाळू सिस्टर

२ जून २०२५
आले बाई एकदाची कळमनुरीला! दवाखाना नवाकोरा, ऑपरेशन थिएटरात एसी, मागं राहायला खोली. आमचे वैजनाथ सामान लावून हिंगोलीला परत गेले, त्यांचं काम तिथं धान्याच्या मोंढ्यात. मला सहावा महिना लागलाय. सात वर्षं वाट बघायला लावली ह्या लेकरानं! म्हणून डॉक्टर विजयकुमारांना आधीच बजावलं, की मी सिस्टर आहे, पेशंट उचलायला मला लावू नका. ते हसून व्हय म्हणाले.

११ जून
इथं सगळे कंबर धरून चालतात. आज अकरा ऑपरेशनं झाली. भूल दिलेला माणूस टेबलावरून ट्रॉलीवर घ्यायचा म्हणजे त्यापरीस हळदीचं पोतं बरं, त्याला धरायला कान तरी असतात. वॉर्डबॉय भीमराज तिशीतच वाकलाय. सखुबाई मावशी आधीच्या दवाखान्यांपासून वीस वर्षं उचलून उचलून पार काटकोनात आल्यात. डॉक्टर टाके घालताना ओठ चावतात. माझ्या तोंडाला कुलूप कुठलं! बोलून गेले, मी पायाळू हाय, पायांकडून जन्मले; आमच्या शिरड शहापुरात उसण भरली की माणसं माझा पाय पाठीला लावून घ्यायची.

१२ जून
मावशी चादर अंथरून पालथ्या पडल्या. तीनदा पाय लावला. उठल्या त्या ताठ! मग भीमराज. मग दार लोटून डॉक्टरसुद्धा. एवढे शिकलेले, पण दुखण्यापुढं शिक्षण काय करतं. मला फार बरं वाटलं. बाळ मात्र दिवसभर पोटात आखडून होतं.

३ जुलै
आराम आठ दिवस टिकतो, मग पुन्हा रांग. आता लॅबमधली सपना, भूल देणारे डॉक्टर, शेजारच्या दवाखान्यातलेही येऊन राहिलेत. थकले मी. ड्यूटी संपते अन् पाठींवर लाथा देणं सुरू होतं. पाय लावला की पोट गच्च होतं. दर वेळी.

१९ जुलै
सोनोग्राफीत सगळं ठीक. आईला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच. म्हणाली, पोटुशी बाईनं पाय लावायचा नसतो. दुखणं कुठं जात न्हाई पोरी, लेकरात उतरतं. आता सांगते ही बाई! सगळ्यांना नाही म्हणून आले. मावशी रडल्या. म्हणाल्या, लई वर्सांनी पाठीवर निजले, मला परत वाकवू नको.

५ ऑगस्ट
कोणी बोलत नाही. आता मुद्दाम मलाच पेशंट उचलायला लावतात. भीमराज म्हणाला, पाय मागून राहिलो, जीव न्हाई. सगळे माझ्या पायांकडं बघतात. मोजे घालून निजते.

२१ ऑगस्ट
दुपारी बाकावर डोळा लागला. तळव्याला ऊब लागली म्हणून जाग आली — कुणाची तरी उघडी पाठ. पळालं. कोण ते — बाळ अर्धा तास हललं नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

२८ ऑगस्ट
वैजनाथ रविवारी न्यायला येतात. तीन दिवस. फक्त तीन.

३० ऑगस्ट, दुपार
पहाटे कळा. नांदेडचा मोठा दवाखाना गाठायला वेळ नव्हता. इथंच सिझर — कमरेत भुलीची सुई. मी पाय लावून दीड महिना झाला, तरी मला उचलताना सगळे किती ताठ, कुणी कण्हलंसुद्धा नाही.

मुलगी! माझी पोर. टपोरे डोळे. वैजनाथ निघालेत.

कमरेखाली काही कळत नाही. पाय दिसतात, माझे वाटत नाहीत. मोजे कुणी काढले —

मावशी पायाशी टेकल्या, पाठमोऱ्या. म्हणाल्या, तुला काय कळणार हाय, निज. मागं भीमराज. डॉक्टर. दारापर्यंत रांग —

पाळण्यात पोर कण्हली. रडली नाही, कण्हली — म्हाताऱ्या बाईसारखी.

ओरडले. सपनानं दार लावून घेतलं. वैजनाथ, तिला आधी उचला, मला राहू द्या —

पाय ओढता येत नाही. पुन्हा कण्हली. आता भीमराज वळून पाठ —