अफ्रियेची बातमी

चि. क्वाजो,

'चि.' हा आशीर्वाद सवयीने लिहिला; खरं तर तुझ्या कानफटात द्यायला हवी. आईच्या अंत्यदर्शनाचा फोटो घाणेरडा ठरवून त्या बड्या सोशल मीडिया कंपनीने आपल्या घराण्याचं पान पुसलं, तेव्हा आम्ही सारे भाची सेरवा चालवते त्या छोट्या नेटवर्कवर आलो. तू मात्र त्या कंपनीलाच चिकटून राहिलास; म्हणालास, "दादा, तिथं कुत्रंही फिरकत नाही!"

तुझी ताई अफ्रिये गेली. सेरवाने तिथंच कळवलं, तू वाचलं असशील असं सगळ्यांना वाटलं. परवा ती जाऊन आठवडा झाला म्हणून शोकबैठकीला सारं गणगोत इथं कुमासीत सुतकाचं काळं-तांबडं नेसून बसलं, आणि तू हँबर्गहून त्याच कंपनीच्या नेटवर्कवर नाचतानाचे फोटो टाकलेस! चुलीत घाल ती कंपनी!

पण आपल्यात पाणी पाजल्याशिवाय मरणाची बातमी सांगत नाहीत. पत्रातून कसं पाजू? हे फाडतो, फोन लावतो. आधी म्हणेन, "बस बाळा, पाणी पी."

तुझा दादा,
ओपोकू