कल्ल्यातला जीव

जळगाव,
१८ ऑगस्ट २०२४

परमपूज्य साध्वी संयमप्रभाजी म.सा. यांच्या चरणी,

पलकची वंदना. मत्थएण वंदामि. आपल्याला आणि गुरुणीसांना सुखसाता असेल, ही आशा. इकडे सगळे बरे आहेत. पप्पांच्या डाळ मिलमध्ये नवं यंत्र बसलं आणि ते सारखं अडतं, त्यामुळे पप्पांशी बोलायची सोय नाही. आपण मासखमणाचा, महिनाभराचा उपास धरलाय हे कळल्यापासून मम्मीचे पाय जमिनीवर नाहीत. पारण्याच्या दिवशी जळगावहून साक्रीला बस न्यायची, म्हणून दिवसभर फोन चालू आहेत. धाकटा श्रेयांस उद्या आपल्या दर्शनाला येतोय. त्याच्यासोबत हे पत्र देते. त्यानं वाचलेलं नाही. आपण एकट्यानं वाचावं.

मागच्या महिन्यात साक्रीच्या जैन स्थानकात भेटले तेव्हा माझ्या पीएच.डी.बद्दल आपण विचारलं होतं. बोलणं अर्धंच राहिलं. कोकणच्या किनाऱ्यावर चिखलात बिळं करून राहणारी एक कोळंबी असते. इतकी फिकट की आतलं सगळं दिसतं, म्हणून इंग्रजीत तिला भुताची कोळंबी म्हणतात. तिच्या कल्ल्यांच्या पोकळीत, म्हणजे जिथून ती श्वास घेते तिथं, एक जीव राहतो. ओल्या कुंडीखाली पुष्कळ पायांचा राखाडी किडा सापडतो ना, त्याच्या जातीचा. लहान असताना आत शिरतो, तिचं रक्त पिऊन मोठा होतो, आणि मग बाहेर येतच नाही. मोठी असते ती मादी. तिला चिकटून भाताच्या कणीएवढा तिचा नर. कोळंबीला बाहेरून काही झालेलं दिसत नाही. ती खाते, बीळ खणते. फक्त एका बाजूचं कवच गालफुगीसारखं वर येतं, आणि तिला अंडी होत नाहीत.

आपण विचारलंत, "मग तू वाचवतेस कोणाला?"

मी म्हटलं, "कोणालाच नाही. मी बघते."

आपण हसलात. म्हणालात, "दोन्हीही पंचेंद्रिय नाहीत, पण जीव दोन्हीही आहेत. काढणारी तू कोण?"

ते वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे.

आता माझी बातमी. मला टीबी झालाय. भिऊ नये, औषध सुरू आहे. खोकला कधीचा होता, मी प्रयोगशाळेतल्या फॉर्मॅलिनवर ढकलत राहिले. एक दिवस सूक्ष्मदर्शकाखाली कोळंबीचं कवच उचलत होते आणि उबळ आली. काचेवर लाल थेंब पडला. क्षणभर वाटलं, कोळंबीचंच रक्त. पण कोळंबीचं रक्त लाल नसतं, आणि ही तर मेलेली, स्पिरिटमधली. मग तोंडात ती चव आली. मी शिकलेली मुलगी. तरी तिथं स्टुलावर बसून मला वाटत होतं की त्यातलं काहीतरी माझ्या छातीत शिरलंय आणि पाय रोवून बसलंय.

मम्मीला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "किती जिवांचे श्वास चिरलेस, पलक. तळतळाट लागणारच." डॉक्टरांनी समजावलं की हा आजार माणसाकडून माणसाला येतो, कोळंबीकडून नाही. मम्मीनं मान हलवली, पण पटलं नाही. माझं ताट मात्र तिनं वेगळं केलं नाही. ते मीच केलं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला आहे? जवळचं कोणी खोकत होतं?"

मी "नाही" म्हटलं.

खोटं बोलले. इतका वेळ डाळ मिल आणि कोळंबी सांगत बसले, कारण हे लिहायला हात धजत नव्हता. हिवाळ्यात आपण जळगावच्या स्थानकात होता. मी रोज दुपारी येऊन बसत असे. खिडक्या बंद असत, आणि आपण खोकत होता. गुरुणीसांना वाटलं, पायी विहाराची धूळ. जुलैत साक्रीला आले तेव्हा आपण निम्म्या झाला होता. तप आहे, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. वंदना करून उठताना आपल्याला खोकला आला. आपण पाठ फिरवली, तोंडावरची कापडी मुहपत्ती बदलली, जुनी घडी घालून मुठीत धरली. घडीच्या कडेला लाल होतं. मी पाहिलं, आपणही पाहिलंत की मी पाहिलं. तेव्हा मला वाटलं, हिरडी असेल. आता मला तो रंग कळतो.

जीजी, तुला माहीत होतं ना?

आपण म्हणायचं सोडून बहीण म्हणून तू म्हणतेय, दोष लागला तर लागू दे. मला एकच भीती खाते आहे. तू म्हणशील, आत जीव आहेत, औषधानं कोट्यवधी मरतील, काढणारी मी कोण. आणि गप्प बसून उपास करत राहशील, सगळे जयजयकार करतील, आणि पारण्याच्या बसमधून आम्ही काय बघायला येऊ? मला ते दिसतं. जेवताना दिसतं.

कोळंबीला आपल्या कल्ल्यात काय आहे ते माहीत नसतं जीजी. तुला माहीत आहे. आणि तुझ्याजवळ गुरुणीसा झोपतात, त्यांचं वय काय! त्यांच्यासाठी तरी उपास थांबव आणि तपासून घे. तुम्हा साध्वींना वाहन वर्ज्य, म्हणून गाडीत बसायला नको, थुंकीचा नमुना घ्यायला सरकारी दवाखान्याच्या ताई स्थानकात येतील. मी विचारून ठेवलंय.

तू माझ्यावर रागाव, पण उत्तर दे.

पलक

*

जळगाव,
१४ सप्टेंबर २०२४

जीजी,

श्रेयांसनं सगळं सांगितलं. पत्र वाचून तू उठलीस आणि ते गुरुणीसांपुढे ठेवलंस. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "संयम पाळायला शरीर लागतं. ते जपणं हाही धर्म. मी तुझी गुरुणी असताना हे मला तुझ्या धाकट्या बहिणीनं सांगावं?" आणि तू रडलीस. दीक्षेनंतर तुला रडताना कोणी पाहिलं नव्हतं म्हणे. उपासही तू त्याच दिवशी सोडलास.

दवाखान्याच्या रेशमाताईंनी मला फोन केला होता. तुझ्या रिपोर्टचं विचारलं तर त्या आपल्या अहिराणीत धीरच द्यायला लागल्या. म्हणाल्या, "घाबरानं नही माय, बठ्ठं बरं व्हई जाई." त्यावरूनच मला कळलं, तुलाही टीबीच आहे. गुरुणीसांच्या नमुन्यात काही निघालं नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मम्मीला मी सांगितलं. मला वाटलं, आता हीही म्हणेल तळतळाट.  पण तिनं तुझं जुनं, दीक्षेआधीचं नाव घेऊन विचारलं, "म्हणजे जिनलचंच तुला लागलं?" मी म्हटलं, "कोणाचं कोणाला, ते कोण सांगणार." ती म्हणाली, "तिनं तर कधी मुंगी मारली नाही." एवढं बोलून उठली आणि एकेकीला फोन करून बस नको म्हणून सांगितलं. कारण मात्र एकीलाही सांगितलं नाही. मला पुन्हा तसं काही बोलली नाही. परवा ती एकटीच साक्रीला येतेय. लांब बसेल, तिला बसू दे.

मी सुधारतेय. वजन वाढलंय. प्रयोगशाळेत अजून जात नाही. तुझ्या छातीबद्दल डॉक्टर जे बोलले ते श्रेयांसनं गाळून सांगितलं, पण मी त्याच्याकडून काढून घेतलं. एका बाजूचं फुफ्फुस बरंच गेलंय. औषध लागू पडतंय की नाही, हे कळायला वेळ लागेल. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. कॉलेजचा असला तरी धावते.

तू निरोप पाठवलास, "पलकला सांग, धर्मध्यान कर, भय सोड." भय सुटत नाही, जीजी. तुला ते आसक्ती वाटेल. असू दे. मला आशीर्वाद नको, उपदेश नको. आज गोळी घेतली, एवढंच रोज कोणाजवळ तरी सांगत जा. मी त्यांच्याकडून ऐकून घेईन.

भ्यालेली, आणि दीक्षेच्या आधीही तुझीच होती ती,
पलक