लाल रेषेखालची खोली

अण्णा,

तुम्ही ज्या धरणाच्या दरवाजांवर नोकरी केलीत, त्याचं पाणी यंदा माझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आलं. तुम्ही असतात तर पहिल्यांदा विचारलं असतंत, "तिथे घर घ्यायला सांगितलं कोणी?" कोणी सांगितलं नव्हतं, परवडलं म्हणून घेतलं. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या सोडून थेट नदीकाठी राहायला जाणारी आपल्या घरातली मी पहिलीच. गच्चीतून नदी दिसते असं जाहिरातीत लिहिलं होतं. जाहिरात खरी निघाली. यंदा तर नदीने स्वतः खाली येऊन दर्शन दिलं.

आमच्या इमारतीची कुंडली तुम्हाला सांगायला हवी. नकाशावर आता नदीच्या दोन्ही बाजूंना पुराच्या दोन रेषा असतात, एक निळी आणि तिच्या पलीकडे लाल. निळीच्या आत काहीच बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण विशेष परवानगी काढून, अटी पाळून. आम्ही त्या मधल्या पट्ट्यात आहोत. अट अशी की माणसं राहणार ती लाल रेषेच्या पातळीच्या वर. तळमजल्यावर नुसते खांब आणि मोकळी जागा, म्हणजे पाणी आलंच तर एका बाजूने येईल आणि दुसऱ्या बाजूने निघून जाईल. कोणा शहाण्या माणसाने घातलेली अट आहे. इमारत पुरी होऊन सगळे दाखले हातात पडेपर्यंत ती पाळलीही गेली. मग लिफ्टच्या मागे विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांना पत्र्याचं दार बसलं आणि वॉचमनच्या कुटुंबाची सोय झाली. पुण्यात याचं कोणाला नवल वाटत नाही. वॉचमनची खोली प्रत्येक सोसायटीत असते, फक्त ती नकाशात नसते. मी राहायला आले तेव्हा आमच्या खोलीच्या दाराला तोरण होतं आणि बाहेर तेलाच्या डब्यात तुळस होती. आत तो, त्याची बायको आणि प्राथमिक शाळेत जाणारी मुलगी. यंदा मला सोसायटीचं सेक्रेटरी केलंय. बँकेतून निवृत्त झालेली बाई रिकामी बसलेली लोकांना बघवत नाही.

तुम्हाला आठवतं का, एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मला धरणावर नेलं होतं? मी तुमच्या ऑफिसात बाकावर बसलेय, मांडीवर आईने दिलेला डबा आहे, बाहेर पाऊस इतका की पलीकडची टेकडी दिसत नाही. टेबलावर काळा फोन. तुम्ही नदीकाठच्या चौकीला फोन लावता आणि ओरडून सांगता, "पाणी सोडतोय. पात्रात कोण आहे बघा आणि वर काढा. काय सांगितलं ते परत सांगा." पलीकडचा माणूस परत सांगतो. तुम्ही फोन ठेवता आणि हाताची घडी घालून उभे राहता. तेवढ्यात तुमचे साहेब येतात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "अहो, कळवलंत ना? मग उघडा की!" तुम्ही हलत नाही. "कळवलं, साहेब. खालून उत्तर येऊ द्या." साहेबांचा चेहरा बघून मी मांडीवरचा डबा घट्ट धरला. मला वाटलं, आता अण्णांची नोकरी जाणार आणि आपण सगळे रस्त्यावर येणार. धरणात पाणी चढत होतं, साहेब येरझाऱ्या घालत होते, आणि तुम्ही त्या फोनकडे नुसते बघत होतात. शेवटी तो वाजला. धुणं धुणाऱ्या बायका काठावर आल्या होत्या, म्हशी निघाल्या होत्या. मग तुम्ही खिडकीतून दरवाजावरच्या माणसाला हात केलात. घरी येताना एसटीत तुम्ही उरलेली पोळी खाल्लीत, रोजच्यासारखी.

घरातही तुमचं तेच. आईला निरोप द्यायला सांगितलात की आम्ही तो तुमच्यासमोर परत म्हणून दाखवायचा, आणि देऊन आल्यावर आई काय म्हणाली तेही सांगायचं. शेजारच्या मुली हसायच्या. एकदा तुम्ही बाहेर जेवणार होतात आणि तसं आईला सांग म्हणून मला बजावून गेलात. आई न्हाणीघरात होती. मी बंद दाराबाहेरून ओरडले आणि खेळायला पळाले. तुम्ही आलात तेव्हा आई तुमचं पान वाढून उपाशी बसलेली. तुम्ही मला हाक मारलीत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "तू आईला सांगितलं नाहीस. तू दाराला सांगितलंस." एक चापट मारली असतीत तर मी ती कधीच विसरले असते.

आता यंदाचं सांगते. सकाळी धरणातून जास्त पाणी सोडणार असल्याचा मेसेज आला. हल्ली चौकी नाही, फोनवर ओरडणं नाही. मोबाइलवर मजकूर येतो. आमच्या चेअरमननी तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, गाड्या वरच्या रस्त्यावर न्या अशी सूचनाही जोडली. धडाधड अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली, एकाने फुलांसकट सुप्रभात म्हटलं. मीही अंगठा टाकला. वॉचमनने सगळ्यांच्या गाड्या काढायला मदत केली, बंद पडलेल्या एक-दोन ढकलल्यासुद्धा, आणि मग त्याला छत्री देऊन वरच्या रस्त्यावर गाड्यांची राखण करायला बसवलं. दरवर्षी घोट्याएवढं पाणी येतं, तसंच येईल असं त्याला वाटलं. ते किती येणार, हे ग्रुपवर होतं. आणि ग्रुप फक्त फ्लॅटधारकांचा. म्हणजे बघा, लाल रेषेच्या वर राहणाऱ्या सगळ्यांना निरोप पोचला. त्या रेषेच्या खाली राहणाऱ्यांना तेवढा नाही.

दुपारी गटारांतून पाणी उलटं वर आलं आणि पाठोपाठ नदी आली. लिफ्ट बंद होती. किती पाणी आलंय ते बघायला मी जिन्याने उतरले. पहिल्या मजल्याच्या वळणावर पत्रा बडवल्याचा आवाज आला. क्षणभर वाटलं, काहीतरी वाहत येऊन आपटतंय. मग आतून बाईची हाक आली. मुलीला ताप होता म्हणून दोघी आत झोपल्या होत्या. दार बाहेर उघडणारं, आणि मागे राहिलेल्या स्कूटर पाण्याने आडव्या होऊन त्याच दाराशी जाऊन अडकल्या होत्या. मी तशीच पाण्यात उतरणार, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा वरून ओरडला, "काकू, वेट! आधी मेन ऑफ करतो, शॉक बसेल!" तो पहिल्या मजल्यावरच्या मीटरकडे धावला. तेवढा वेळ मी पायरीवर कठडा धरून उभी होते, समोर पत्रा वाजत होता आणि मला काहीही करता येत नव्हतं. मला तुमचे साहेब आठवले. वाट बघणं म्हणजे काय असतं, ते त्या पायरीवर कळलं. मग तो आणि त्याचा मित्र कमरेएवढ्या पाण्यात उतरले, स्कूटर ओढून बाजूला केल्या, दार जेमतेम माणूस निघेल इतकं उघडलं. आधी मुलगी माझ्या हातात आली, अंग तव्यासारखं तापलेलं. मागून तिची आई. ती रडली नाही की ओरडली नाही. जिन्यात बसून माझ्याकडे बघत म्हणाली, "कुनी सांगितलंच न्हाई."

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. नंतर महापालिकेचं पत्र आलं. विशेष परवानगीच्या अटी पाळल्या जातात का हे बघायला सोमवारी इंजिनिअर येणार होत्या. चेअरमनच्या घरी मीटिंग भरली. चेअरमन कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, बोलणं तिरकस पण माणूस वाईट नाही. म्हणाले, "अहो, पाणी येतं आणि जातं. नोटीस मात्र मुक्कामाला राहते." ठरलं असं की खोलीच्या दारावर 'पंप रूम' असं रंगवायचं, कुटुंबाला दोन दिवस बिबवेवाडीला वॉचमनच्या भावाकडे पाठवायचं आणि तळमजल्यावर कोणी राहत नाही, पूर्वीही राहत नव्हतं, असं लिहून द्यायचं. सही सेक्रेटरीची. मी पेन उचललं नाही तेव्हा पाचव्या मजल्यावरचा आयटीवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, प्लीज प्रॅक्टिकल विचार करा. परमिशन कॅन्सल झाली तर आम्ही कुठे जायचं? माझं लोन चालू आहे." त्याची भीती खोटी नव्हती. मलाही रात्री झोप लागत नव्हती. माझी सगळी पुंजी याच भिंतींत आहे, अण्णा.

मी वॉचमनला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, सही करून टाका. खोली हाय म्हनून नोकरी हाय. खोली गेली तर पोरीची शाळा बी गेली." बायको मागे उभी होती. पदर खोचत म्हणाली, "तुमी करा सही, न्हाईतर नका करू. मी त्या दाराआड परत झोपायची न्हाई." नवरा तिच्यावर डाफरला, ती जागची हलली नाही. त्या तिघांना पुराच्या दिवसापासूनच मी माझ्या घरी, मुलाच्या रिकाम्या खोलीत आणून ठेवलं होतं. आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला त्याचा त्रास होत होता. स्वयंपाकघरात दुसरी बाई, नळाखाली दुसऱ्यांची भांडी. मी काही संत नाही.

सोमवारी इंजिनिअर बाई आल्या. वयाने माझ्या मुलाएवढ्या, पायात गमबूट. त्यांनी 'पंप रूम' असं रंगवलेलं पत्र्याचं दार उघडलं. आत भिंतीवर देवांची फळी होती, तिच्याही वर चिखलाची रेघ. त्यांनी विचारलं, "पंप कुठाय?" चेअरमन म्हणाले, "दुरुस्तीला दिलाय." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना द्यायचं ते पत्र माझ्या हातात होतं, घडी घातलेलं, सही न केलेलं. सगळी कमिटी माझ्या पाठीमागे उभी होती. मी म्हटलं, "इथे पंप कधी नव्हताच. इथे तिघं राहत होती. पाणी आलं तेव्हा दोघी आत अडकल्या होत्या." बाईंनी चिखलाच्या रेघेकडे पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "आता कुठे आहेत?" मी म्हटलं, माझ्या घरी. त्या म्हणाल्या, "ही खोली पाडा आणि तसं लेखी द्या, मी पुन्हा येऊन बघणार. मुदतीत पाडलीत तर तुमच्या परवानगीला धक्का लागणार नाही. तुमच्या दारावरचा पंप मात्र माझ्या फायलीत येऊ देऊ नका." इतकं सोपं होतं, आणि आम्ही आठवडाभर एकमेकांचे गळे धरत होतो.

खोली पाडली. कुटुंबासाठी पहिल्या मजल्यावरचा हॉल द्यायचा, यावरून मात्र महाभारत झालं, कारण तिथे ज्येष्ठ मंडळी कॅरम खेळतात. शेवटी चेअरमननीच बोर्ड स्वतः काखोटीला मारून आपल्या घरी नेला. जाताना मला म्हणाले, "अभिनंदन. आता आमच्या हिच्या हातचा चहा रोज चार म्हाताऱ्यांना मिळेल, आणि त्याचं पाप तुम्हाला लागेल." ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, पण हॉलच्या दाराला नवी कडी त्यांनीच आणून बसवली. ते दार आत उघडतं.

आज सकाळी पुन्हा मेसेज आला, पाणी सोडणार. ग्रुपवर अंगठे पडले. मी खाली हॉलच्या दाराशी गेले आणि वॉचमनच्या बायकोला सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मी तिथून हलले नाही. म्हटलं, "काय सांगितलं ते परत सांग." ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून तिने सगळं परत सांगितलं. आतून मुलीनेही सांगितलं, शाळेतल्या कवितेसारखं, सूर लावून. तेव्हा कुठे मी वर आले, चहा केला आणि तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही गेलात त्या दिवशी दवाखान्यात मी तुमच्या कानाशी वाकून बोलले होते. काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही डोळे उघडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, ऐकू जात असणार. पण तुमच्या पद्धतीप्रमाणे तो निरोप पोचलेला नाही, अण्णा, कारण खालून उत्तर आलं नाही. इतकी वर्षं ते मला टोचतंय. हे पत्रही कुठे टाकायचं नाही. मी पुन्हा दारालाच सांगतेय, हे मला कळतंय. तरी लिहून झाल्यावर पेन खाली ठेवीन आणि थोडा वेळ उत्तराची वाट बघत बसेन.