गच्चीवरची पहिली दोरी

तीर्थस्वरूप वन्संना,

तुमच्या एकुलत्या एक वहिनीचा वाकून नमस्कार. (गुडघे जितकं वाकू देतील तितकं वाकून, बाकीचं तुम्ही मनाने धरून घ्या.)

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे ज्याचं त्याचं दुखणं ज्याच्या त्याच्यापाशी आहे. तुमची कंबर काय म्हणते? मागच्या खेपेला तुम्ही कळवलं होतं की डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि तुम्ही त्यांना 'हो' म्हणालात. चालणं सुरू झालं की नुसतं 'हो'च सुरू आहे? माझे दात हल्ली तोंडात कमी आणि डबीत जास्त असतात, त्यामुळे काही शब्द फसफसतात. पण सूनबाई लिहून घेतेय, ती ते सरळ करून घेईल. मला अक्षर येत नसलं तरी कागद किती भरला ते दिसतं हो. मी पोटभर बोलले आणि कागदावर दीडच ओळ उमटली, की समजावं कुठेतरी कात्री चालली. (हेही लिही गं. आणि हसू नकोस, शाई फिसकटेल.)

फोन सोडून पत्राचा खटाटोप कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन बाहेरच्या खोलीत आहे, आणि बाहेरच्या खोलीत हल्ली मानवशास्त्र बसलेलं असतं. आमच्या भिंगरीने, म्हणजे तुमच्या भाच्याच्या लेकीने, विद्यापीठात दोन विषय एकदम घेतलेत: इतिहास आणि सामाजिक मानवशास्त्र. मी विचारलं, बाई गं, यात फरक काय? तर म्हणाली, आजी, इतिहासात मेलेल्या माणसांचे कागद वाचायचे, आणि मानवशास्त्रात जिवंत माणसांच्या घरी जाऊन बसायचं, ती काय करतात ते बघायचं, आणि का करतात ते विचारायचं. मी म्हटलं, या दुसऱ्याला आमच्या वेळी नसती उठाठेव म्हणायचे आणि ती मी फी न भरता जन्मभर केली. पण तिचे हाल खरेच बघवत नाहीत. सकाळच्या तासाला सर सांगतात, कागद असल्याशिवाय कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस. दुपारच्या तासाला बाई सांगतात, कागद बड्या लोकांनी लिहिलेले असतात, तू तोंडं ऐक. पोरगी संध्याकाळी घरी येते ती दोन सासवांची एक सून होऊन येते. (माझ्या सुनेला एकच सासू आहे. तरी बघा कशी उसासे टाकतेय.)

आता तिचा बाप. तुमचा भाचा जन्मभर चष्म्याच्या दुकानात बसला, त्यामुळे त्याला जगात एकच प्रश्न विचारता येतो: डोळ्यासमोर काच धरायची आणि म्हणायचं, ही बरी की ही? लेकीलाही त्याने तेच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, चष्म्याला काचा दोन असतात." दुकानात असं उत्तर कुणी देत नाही, त्यामुळे तो दोन दिवस फुगून बसला. मग त्याने अट घातली. यंदाचा प्रकल्प सर आणि बाई दोघांनीही पसंत केला तर ठीक, नाहीतर एक विषय सोडायचा आणि मोकळ्या वेळात दुकानात येऊन फ्रेमा पुसायच्या. कुठला सोडायचा ते तिने ठरवावं, तेवढा तो उदार आहे. तेव्हापासून पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. दोन लेकरांतलं एक ठेव म्हटल्यासारखं झालं तिला.

प्रकल्प असा, की आपल्याच आसपासची एखादी रूढी घ्यायची, ती कशी चालते ते बघायचं आणि कुठून आली ते शोधायचं. आणि या मुलीने जगातलं सगळं सोडून काय निवडलं असेल? गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. तुम्ही सासरी गेल्यावर गच्चीवर पाण्याची टाकी बसली, लोखंडी खांब आले. टाकीपासून पलीकडच्या कठड्यापर्यंत ओळीने दोऱ्या आहेत. टाकीजवळची पहिली, तिला दिवसभर ऊन. कठड्याजवळची शेवटची, तिच्यावर कबुतरांची वस्ती. पहिलीवर वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली कपडे घालायची, दुसरीवर नर्सबाई, तिसरीवर आपण, चौथीवर तळमजल्याचे निवृत्त पोस्टमास्तर. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही. कपडे ओले होते, वाळत होते. संसार याहून वेगळा काय असतो?

भिंगरी टाकीच्या सावलीत हॅट घालून जाऊन बसली. नुसती बघायची. पहिल्या दिवशी लोक हसले. तिसऱ्या दिवसापासून फाटके टॉवेल गायब. ठिगळाच्या चादरी घरात वाळू लागल्या. पोस्टमास्तरांनी निवृत्तीच्या समारंभातला कोट धुऊन टांगला, आणि तो आकसला तेव्हा खापर पोरीवर. नर्सबाईंनी न मळलेले पडदे धुतले. मी स्वतः (कबूल करायला हरकत नाही) लेकीने पाठवलेली, घडी न मोडलेली शाल ओली करून लटकवली. पोरीने लिहून घेतलं की या इमारतीतले लोक फार टापटिपीचे आहेत.

मग तिने तोंड उघडलं आणि विचारलं, पहिली दोरी यांचीच का?

वन्सं, झोपलेल्या घोरपडीला काडी लावावी तसं झालं. शिवणकामवाली म्हणाली, आमचा मजला वरचा, म्हणून. नर्सबाई म्हणाल्या, हे कुठलं कारण? रोग्यांच्या सहवासातले कपडे माझे, कडक ऊन मला हवं. पोस्टमास्तर म्हणाले, या इमारतीत सगळ्यांत जुना भाडेकरू मी, जुन्याला पहिला मान. इतकी वर्षं ज्या दोरीकडे कुणी मान वर करून बघितलं नाही, तिच्यासाठी माणसं पहाटे बादल्या घेऊन जिना चढू लागली. ओल्या चादरी इकडच्या तिकडे होऊ लागल्या, चिमटे हरवू लागले. एकदा शिवणकामवालीचे परकर चौथ्या दोरीवर आणि पोस्टमास्तरांचे लेंगे पहिलीवर निघाले, आणि त्यावरून दोघांत जे बोलणं झालं ते सूनबाई लिहायला तयार नाही. भिंगरी मात्र खुशीत. म्हणे, किती सामग्री मिळतेय.

शेवटी मला राहवलं नाही. मी जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, अहो, भांडता काय? इमारत नवी होती तेव्हा घरमालकाच्या आईने ठरवून दिलंय की ज्या घरात वयाने सगळ्यांत मोठी बाई असेल, पहिली दोरी त्या घराची. (ती बाई सध्या मी आहे, हा निव्वळ योगायोग.) झालं, तासाभरात शांतता. नुसती शांतता नाही हो, आठवणी. शिवणकामवाली म्हणाली, खरंच, माझ्या सासूबाई सांगायच्या. नर्सबाई म्हणाल्या, कानावर होतं खरं. पोस्टमास्तरांनी तर कमाल केली. त्यांना त्या म्हातारीचं नाक आठवलं, छत्री आठवली, आणि ती वारली तेव्हा पाऊस होता हेही आठवलं. मी ती बाई जिन्यात उभ्या उभ्या बनवली होती, नाक वगैरे काढायला मला वेळही मिळाला नव्हता.

पोरीने सगळ्यांकडून लिहून घेतलं. मानवशास्त्राच्या बाई बघायला आल्या. फार गोड बाई. खुर्च्या रिकाम्या असताना जमिनीवर बसल्या, तेव्हा पाहुणी खाली आणि मी वर बरं दिसेना म्हणून मीही बसले. मला उठवायला दोघं लागली. त्या गच्चीवर जाऊन सगळ्यांचं ऐकून आल्या आणि म्हणाल्या, वयाचा मान दोरीत बांधून ठेवलाय लोकांनी, किती सुंदर. मी खाली मान घालून बसले. त्यांना वाटलं, विनय.

मग आले इतिहासाचे सर. हा माणूस प्रत्येक गोष्टीची तारीख बघतो. चहाबरोबर बिस्किटं ठेवली तर आधी पुड्यावरची तारीख वाचली. गच्चीवर गेले, टाकीच्या सिमेंटवर कोरलेलं साल वाचलं, पोस्टमास्तरांना विचारलं की म्हातारी कधी वारली. पोस्टमास्तरांनी छातीठोक साल सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे टाकी म्हातारीनंतर आली. दोरीचं एक टोक टाकीला आहे. मग बाईंनी दोरी बांधली कशाला, ढगाला?"

भिंगरी खाली आली ती पांढरीफटक. प्रकल्प उलटला होता. बाप तिकडे दुकानात तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवत होता. पोरगी म्हणाली, आजी, सर मला म्हणाले, तू ऐकीव गोष्टीला इतिहास समजलीस. तेव्हा मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, बाळ, ती म्हातारी माझी. मीच जन्माला घातली, जिन्यात, भांडण मिटावं म्हणून. मला वाटलं, आता रडेल. तिने पेन उघडलं. कुठे उभी होतीस, आधी कोण म्हणालं 'मला आठवतंय', कुणी कुणाकडून ऐकलं, अशी माझ्याच घरात माझी उलटतपासणी झाली. त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गळ्यात पडली. सगळा प्रकल्प तिने फिरवून लिहिला: मागे काहीच नसलेल्या रूढीला पंधरवड्यात जुनं घराणं कसं मिळालं. बाई खूश. सर म्हणाले, रूढीची जन्मतारीख आजवर कुणाला सापडली नाही, हिच्या तर घरातच निघाली.

पण सर ते सरच. म्हणाले, तुझ्या आजी खोटं बोलल्या हे त्या स्वतःच सांगतात. मग हे सांगणं तरी खरं कशावरून? शिवाय त्या इमारतीत आल्या इमारत उभी राहिल्यावर वर्षभराने. आधी काय होतं ते त्यांना काय ठाऊक? पहिल्या दिवसापासून राहिलेलं कुणी आहे का? तशा आता तुम्हीच आहात, वन्सं. पोस्टमास्तर म्हणतात मी सगळ्यांत जुना, पण तेही माझ्यानंतरचेच. तेव्हा शनिवारी भिंगरी तुमच्याकडे येतेय. दोन दिवस राहील. पोरगी नीट जेवत नाही, तेवढं बघा. बाकी माझं काही मागणं नाही.

घरातल्या लहानांना माझा आशीर्वाद, मोठं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. पत्र संपलं, हात सूनबाईचा दुखतोय, तोंड माझं.

तुमची,
वहिनी

ता. क. मागणं आहे. वन्सं, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. कुणाचं मन मोडायला नको म्हणून तुम्ही सगळ्याला 'हो' म्हणता. तुमच्या या स्वभावामुळेच तुमचे बंधू माझ्या गळ्यात पडले: मुलगी बघून आल्यावर घरच्यांनी तुम्हाला विचारलं, स्वयंपाक येतो का हिला, आणि तुम्ही 'हो' म्हणालात. भिंगरी विचारेल, अशी म्हातारी होती का. माझी लाज राखायला म्हणून 'हो' म्हणू नका. या एका वेळी 'नाही' म्हणा. त्या 'नाही'वर पोरीचे दोन्ही विषय टांगलेत.

आणखी एक ता. क. पोस्टमास्तरांची मोठी बहीण त्यांच्याकडे कायमची राहायला आलीय आणि स्वतःचं वय वाढवून सांगतेय. नियम खोटा असला तरी तो अजून चालू आहे, आणि पहिल्या दोरीवर माझी गोधडी आहे. माझ्या जन्माचा कुठलाच कागद नाही, त्यामुळे माझ्या वयाचा पुरावा तुम्हीच. तेव्हा वय विचारलं तर चार वर्षं वाढवून सांगा. तिथे मात्र 'हो' चालेल. (सूनबाईने लेखणी खाली ठेवली होती. पुन्हा उचलायला लावली.)

शेवटचा ता. क. काल पाकीट चिकटवता चिकटवता पोस्टमास्तर येऊन गेले. जन्मभर लोकांची पत्रं वाटली आणि स्वतः मात्र परवा तुम्हाला फोन केला म्हणे. आणि तुम्ही म्हणालात, हो, होती ती म्हातारी. नुसतं 'हो' नाही, तर ती जिना चढताना पायऱ्या मोजायची आणि वर पोचल्यावर किती झाल्या ते विसरून पुन्हा खाली जायची, असंही सांगितलंत. तुमचा भाचा ऐकत होता. तो म्हणाला, मलाही आठवतेय, माझे गाल ओढायची. भिंगरीने तिथल्या तिथे त्याचा जबाब घेतला. दोन तास बोलत होता, दुकान उघडायला उशीर झाला. आता म्हणतो, एका विषयात माझं सगळं म्हणणं मावणार नाही, दोन्ही पुरे कर, पण नीट लिही. फ्रेमा पुसायला दुसरी मुलगी ठेवलीय. पोरगी गाणं गुणगुणत बॅग भरतेय. तिचं म्हणणं, म्हातारी निघाली तरी चांगलं, नाही निघाली तरी चांगलं.

तिचं झालं हो. पण मला कालपासून ती म्हातारी जिन्यात दिसतेय. मी इथे येण्याआधीचं ते वर्ष तुमचं आहे, माझं नाही. वन्संबाई, कुणाचं मन राखायचं नाही, गळ्याशपथ खरं सांगा: ती होती का हो? आणि असेल तर आधी मला कळवा, मग भिंगरीला.