दोन निशाणं

प्रिय दादा,

पत्ता जुना आहे. हे पत्र हैदराबादेत तुला पोचेल की नाही, कोण जाणे. इकडे हेही साल कोरडं गेलं. केजच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालंय, तिथं मी खडी फोडायला जाते. विधवा होऊन माहेरी आले तेव्हापासून आपल्या धाकट्या बद्रीजवळच राहिले. त्यानं लग्न केलंच नाही. गावानं त्याला सोसायटीचा चेअरमन केलं होतं.

तुम्हां दोघांची निशाणं मीच शिवली होती. तू निजामाच्या पोलिसात लागलास तेव्हा पिवळं. मधला पांढरा गोल ताटली ठेवून कापला, उर्दू अक्षरं तू काढून दिलीस. बद्री निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला तेव्हा तिरंगा, तुझ्या नकळत. मधे चरखा हवा की चक्र, हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. मी चरखाच काढला.

पुढं तो तापानं फणफणत घरी आला आणि मागोमाग रझाकार आले. बद्री कणगीमागं दडलेला. तू दारात उभा राहून एवढंच म्हणालास, "वर निशाण दिसत न्हाई का? सरकारी माणसाचं घर हाय." ते निघून गेले.

हिंदुस्थानची फौज आल्यावर गावानं तेच निशाण फाडून तुझ्या अंगावर फेकलं. बद्री तिरंगा घेऊन समोरच होता, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तू पाणीही न पिता वाट धरलीस.

मागच्या पंधरा ऑगस्टला सोसायटीपुढं झेंडा लावायचा मान बद्रीला दिला. दोरी ओढायच्या आधी तो गावाकडं वळला. मग म्हणाला, "मी जित्ता हाय तो दादाच्या पिवळ्या निशाणामुळं. तुमी त्याला गद्दार म्हणलात, अन् मी ऐकून घेतलं." घरी येऊन तो जेवला नाही. मी पत्र लिहिते म्हटलं तर नको म्हणाला. पाऊस पडला की सोता जाऊन दादाला घेऊन येतो, म्हणाला.

पाऊस पडलाच नाही. गेल्या सोमवारी तलावाच्या कामावर तो बसल्या जागी कलंडला. केजला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सोसायटीच्या लोकांनी त्याच्यावर तिरंगा पांघरला. त्याला जे तुझ्यासमोर बोलायचं होतं, ते मलाच लिहावं लागतंय. आता घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नसतो. तेराव्याला ये. तेव्हा नाही जमलं तर नंतर ये, पण ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
मुक्ता