इंजिनाचा नवा नकाशा

तीर्थरूप मारुतीराव दाजींना पाण्याकाठून भरमाचा नमस्कार. (पाय शिवून करायचा होता, पण निपाणीपर्यंत वाकणं या वयात जमत नाही.) तंबाखूच्या वखारीतल्या तुमच्या शिंका कशा आहेत? आक्काचे गुडघे जिना चढू देतात का? इकडे तुमचे सासरे आप्पा, मी आणि होडी असे तिघेही ठीक आहोत. इंजिनाची तब्येत मात्र गरजेपेक्षा जास्तच सुधारली आहे, आणि त्याचीच हकीकत कळवायची आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, धरणाच्या पाण्यावरून माणसं अलीकडे-पलीकडे करण्यात माझा जन्म गेला. पण काठाकाठाने डांबरी रस्ता झाला, लाल बस सुरू झाली, आणि होडीत बसलेली माणसंसुद्धा बसकडे बघून उसासे टाकायला लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी होडीतच आडवा होतो. खाली पाणी डुलतं, वर ढग डुलतात, मधे मी. अशा वेळी मला दिसायचं, की माझी होडी पाण्याला न शिवता निघाली आहे, आणि बसचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बघतच राहिला आहे. हे स्वप्न मी तुमच्या तेजस्वीला सांगितलं, तिथंच चुकलो. ती उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर इंजिनांच्या कॉम्प्युटरशीच बोलते. रविवारी आली ती लॅपटॉप घेऊनच. म्हणाली, "मामा, कंपनीनं तुझ्या इंजिनाचा दम मुद्दाम दाबून ठेवलाय. आत किती पेट्रोल कवा सोडायचं त्याचा मॅप, म्हंजे नकाशा असतोय, त्यो बदलला की कसं पळतंय बघ." तोटेही सांगितले बिचारीने. इंजिन तापेल, पेट्रोल जास्त पिईल, आयुष्य कमी होईल. मी मान डोलावत होतो, पण मन केव्हाच पलीकडच्या काठाला जाऊन बसलं होतं.

काम झाल्यावर मी आनंदाच्या भरात घरात जाऊन सांगितलं, "आप्पा, नकाशा बदलला!" दाजी, तुम्हीच सांगा, आपल्या सीमाभागात म्हाताऱ्या माणसाला असं वाक्य सांगावं का? या एका वाक्यासाठी आप्पांचा तरुणपणी मोर्च्यात घोषणा देऊन देऊन घसा बसला, तो अजून उठलेला नाही. त्यांनी ताट सरकवलं आणि हळूच विचारलं, "कवा?" मी म्हटलं, "आत्ताच, च्या व्हायच्या आधी." पुढचं मी ऐकलंच नाही, कारण मी इंजिन बघायला पळालो होतो. परत आलो तर आप्पा पटका बांधून गल्लीत साखर वाटत होते. शेजारच्या कन्नड मास्तरांनाही वाटली. त्या भल्या माणसाने कशाची हे न विचारता तोंडात टाकली आणि "भाळ छलो आतु", म्हणजे फार छान झालं, म्हणून अभिनंदन केलं. (त्यांना वाटलं आमच्याकडे पाळणा हलला.) नकाशा इंजिनाचा आहे, हे सगळ्या गल्लीला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस यायची वेळ आली. गल्ली हसली आणि विसरली. आप्पा मात्र पटका सोडून कोपऱ्यात बसले.

त्यांची समजूत काढायला म्हणून मी त्यांना होडीत घेतलं. आता इथं जरा थांबतो. आपलं जुनं गाव या पाण्याखाली आहे. आप्पा होडीत बसले की खाली बघत बसतात आणि संथपणे सांगत जातात, हे देवळाचं आवार, ही तानुबाईची विहीर, ही यशोदाबाईची चिंच. मग म्हणतात, "हळू रं, आपलं दार आलं," आणि दरवेळी चपला काढून ठेवतात. दार ओलांडलं की परत घालतात. मला हे वेडेपण फार आवडतं.

तर नवा नकाशा सुरू झाला. दाजी, खोटं कशाला बोलू? होडीने नाक वर केलं, दोन्हीकडचे डोंगर पळायला लागले, बगळे मागे पडले, आणि काठावरची बससुद्धा मागे पडली! मी चक्क गायला लागलो. (मष्णूचं मासे धरायचं जाळं फाटलं आणि त्याने मला दोन भाषांत शिव्या दिल्या, पण त्या वेगात दोन्ही ऐकू आल्या नाहीत.) पलीकडे पोचून वळून बघतो, तर आप्पांची एक चप्पल पायात, एक हातात. ते मागच्या पाण्याकडे बघत होते. "गाव गेलं व्हय रं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मागं ऱ्हायलं, आप्पा." त्यांनी चप्पल घातली. मला फार वाईट वाटलं.

तुम्ही म्हणाल, मग हळू चालव की. तेही करून बघितलं. नव्या नकाशात हळू गेलं की इंजिन खोकतं आणि बंद पडतं. एकंदरीत वेगाचे फायदे पुष्कळ आहेत, माणूस लवकर पोचतो. तोटा एवढाच, की माणूस लवकर पोचतो. माझी काही तक्रार नाही, सहज कळवलं. आक्काला दंडवत.

तुमचा मेहुणा,
भरमा

ता. क. तेजस्वीच्या लॅपटॉपमध्ये जुना मॅप असेलच. येत्या रविवारी तो परत घालायला तिला पाठवून द्यावं. मी मागितला असं सांगू नका. पोरीने आपला रविवार घालवला होता, आणि मी तिला 'लई झ्याक पळतंय' म्हणून बसलोय. आक्काला या वेगाची भीती वाटते म्हणून सांगा.

आणखी एक ता. क. याचा विसर पडू देऊ नका. कारण जुना नकाशा परत येतोय, असं मी आप्पांना सांगितलं. (होय, पुन्हा तीच चूक.) त्यांनी विचारलं, "त्यात आपलं गाव हाय?" मी 'व्हय' म्हटलंय. सकाळपासून ते अंगणात अनवाणी फिरताहेत.